एक बोट सैल

डॉक्टर: काटा बरोबर आहे, मास्तर. तुमच्या आधी एक कुत्रं याच काट्यावर बसून गेलं. त्याची काही तक्रार नव्हती.

मास्तर: कुत्र्याला काय कळतंय. ते जीभ बाहेर काढून हसत बसलं होतं. अहो, गेल्या खेपेपेक्षा पाऊण किलो कमी म्हणजे थोडंथोडकं झालं का? आमची गुंडी मांजर, मुळात ती केवढी. आणि मी शिंपी माणूस, मापं घेण्यात जन्म गेला माझा. दर रविवारी दुकान झाडून झालं की टेप काढतो आणि हिची छाती मोजतो. अकरा इंच. परवाच्या रविवारीही अकरा.

काकू: काट्याशी काय भांडताय. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून घ्या.

मास्तर: ऐकतोच आहे. मी फक्त म्हणतोय की टेप खोटं बोलत नाही.

डॉक्टर: बरं, टेपचं नंतर बघू. काकू, घरी तिला काय काय देताय?

काकू: काय देत नाही ते विचारा. पिशवीच घेऊन आलेय. ही ट्यूब, यातली पेस्ट बोटावर घेऊन चाटवायची. ही पावडर, जेवणावर भुरभुरायची. ही दुसरी पावडर, तीही भुरभुरायची. हे भूक लागायचे थेंब. या माशाच्या तेलाच्या गोळ्या, टोचून पिळायच्या. दुकानदार म्हणाला, म्हाताऱ्या मांजरांना सगळंच लागतं. यांनी सगळंच आणलं.

डॉक्टर: आणि ही बाटली? ही तर माणसांची आहे.

मास्तर: ती माझी. आजारातून उठलो तेव्हा मला चांगली लागू पडली होती.

डॉक्टर: माणसांचं टॉनिक मांजराला द्यायचं नाही, मास्तर. कधीच नाही. दिलंत का?

मास्तर: बशीत ओतलं. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पंजाने फरशी खरवडायला लागली. घाण झाकताना मांजरं माती लोटतात ना, तसं. मग मीच पिऊन टाकलं.

काकू: नुसतं तेच का. तिच्यासाठी कोंबडी उकडायची, अळणी, बारीक कुस्करून. त्यावर दोन्ही पावडरी. ती हुंगून चालती व्हायची. मग हे म्हणणार, वाया कशाला घालवायची.

मास्तर: त्याला कारण होतं. दुसऱ्याला खाताना बघितलं की मांजरालाही खावंसं वाटतं, असं मला त्या दुकानदारानेच सांगितलं. म्हणून मी तिच्यासमोर फरशीवर मांडी ठोकून बसायचो आणि मिटक्या मारत खायचो. ती बघायची. मन लावून बघायची, हे कबूल केलं पाहिजे.

डॉक्टर: पावडरीसकट खायचात?

मास्तर: पावडर काढणार कशी? थोडी खडूसारखी लागते. सवय होते.

डॉक्टर: म्हणजे वजन वाढलं ते तुमचं.

मास्तर: वाढलं ना. माझ्याच दोन विजारींच्या कमरा मी माझ्याच हाताने उसवल्या. गिऱ्हाईक आलं की कापडाच्या गठ्ठ्याखाली लपवायचो. इतरांच्या पोटाबद्दल आजवर जे जे मनात म्हणालो, ते सगळं फेडून झालं माझं. त्या पुड्यावर चित्र आहे बघा, गुबगुबीत, तुकतुकीत, डोळ्यांत चमक. तसं एक मांजर आमच्या घरात खरंच तयार झालंय. फक्त त्याला मिशा थोड्या कमी आहेत आणि ते शिवणकाम करतं.

काकू: हसू नका हो, डॉक्टर. तुम्ही हसलात की यांना चेव येतो.

डॉक्टर: नाही हसत. मास्तर, टेप आहे ना खिशात?

मास्तर: टेपशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

डॉक्टर: मग घ्या माप. इथेच, माझ्यासमोर. मी धरते तिला.

मास्तर: हे बघा. जाकीट जरा मागे सरकवायचं आणि पुढच्या पायांच्या मागून असा टेप घ्यायचा. गुंडे, हलू नकोस गं. श्वास सोड. हं. अकरा. वाचा तुम्हीच. चष्मा तुमचा आणि टेप माझा.

डॉक्टर: अकराच आहे. पण टेपच्या आत बोट कसलं, मास्तर?

मास्तर: बोट? ते असतंच. कुठलंही माप घेताना एक बोट आत ठेवायचं. नाहीतर कपडा अंगाला चिकटतो, माणसाला श्वास घेता येत नाही. आमच्या धंद्यातली पहिली शिकवण आहे ती.

डॉक्टर: एक बोट ठेवायचं म्हणालात.

मास्तर: हो, एक.

डॉक्टर: ही तीन आहेत.

काकू: अहो, तीन कशाला?

मास्तर: सुरुवातीला एकच होतं. खरं सांगतो. मग एका रविवारी माप अकराला जरा कमी भरलं, तर मी म्हटलं, आज धरण्यात चूक झाली असेल. दुसरं बोट घातलं, अकरा भरले. तिसरं कधी गेलं ते मला आठवतही नाही.

डॉक्टर: काढा सगळी बोटं.

मास्तर: साडेनऊ.

डॉक्टर: काट्याशी जुळतंय हे.

मास्तर: थांबा. टेपचं सोडा, टेप माझ्या हातात होता. पण जाकीट बघा ना. थंडी पडायला लागली तेव्हा मी तिला हे जाकीट शिवलं. आजही अंगावर कसं चपखल बसलंय. बारीक झाली असती तर लोंबलं नसतं का?

डॉक्टर: काढून बघू. मला तुमच्या हातचे कपडे चांगले माहीत आहेत. शाळेचा प्रत्येक गणवेश तुम्ही शिवलात माझा.

मास्तर: तुमच्या आईचं एकच सांगणं असायचं. वाढत्या अंगाचा शिवा.

डॉक्टर: शिवायचातही तसाच. वर्षभर मी त्यात पोहत असायची आणि अंगाला बसायला लागेपर्यंत तो विटलेला असायचा. बघू हे. मास्तर, आतल्या बाजूला या कडेच्या शिवणीवर आणखी टाके आहेत. इकडेही आहेत. एकावर एक, बऱ्याच रांगा.

मास्तर: मी एकच टीप मारली होती. मशीनची. हे तर हातटाके आहेत. बारीक, एकसारखे, गाठ आतल्या अंगाला दडवलेली. असा टाका सगळ्या गावात एकच बाई घालते.

काकू: माझ्याकडे बघू नका असं.

मास्तर: तू आत घेत होतीस?

काकू: तुम्ही जेवून पडलात की घ्यायचे. दर आठवड्याला एक दोरा. काय करू? एकदा जाकीट जरा ढिलं दिसलं तर तुम्ही दिवसभर कोणाशी बोलला नाहीत, गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी लावलीत. म्हटलं, यांच्या डोळ्यांना तरी ती भरलेली दिसू दे.

मास्तर: आणि मी टेपमध्ये बोटं घालत होतो, कारण माप सांगताना तू पदर तोंडाला लावून उभी राहायचीस. अकरा म्हटलं की पदर खाली यायचा.

काकू: मला वाटायचं, हे अकरा म्हणतात म्हणजे अकराच असेल. मलाच ती बारीक दिसतेय. म्हातारपणी नजर गेली माझी.

मास्तर: मला वाटायचं, जाकीट बसतंय म्हणजे माझीच बोटं जाड झालीत, टेप नीट धरता येत नाही. झालीही आहेत, पण ते वेगळं. डॉक्टर, आमच्यासारखी हुशार जोडी तुम्हाला शोधून सापडणार नाही. एकीने जाकीट लहान केलं, एकाने मांजर मोठं केलं. मधल्या मध्ये मांजरीकडे बघितलंच नाही कोणी.

डॉक्टर: उशीर झाला हे खरं. पण आणलंत, तेही खरं. आता मला सांगा, ताटलीजवळ ती येते का? की येतच नाही?

काकू: धावत येते. भांडं वाजलं की आधी हीच. एकदा जीभ लावते, मग मान अशी वाकडी करून झटकते आणि मागे सरकते. आम्ही म्हणायचो, नखरे वाढलेत बाईसाहेबांचे.

डॉक्टर: नखरे करणारं मांजर धावत येत नाही, काकू. मास्तर, ही बॅटरी धरा. मी ओठ वर करते. आत बघा, या बाजूला.

मास्तर: लाल आहे.

डॉक्टर: हिरडी सुजलीये आणि दाढ मुळाशी किडलीये. भूक आहे तिला. चावताना कळ जाते मस्तकात, म्हणून मागे सरकते. त्यात तुम्ही दोन-दोन पावडरी घातल्यात, म्हणजे जेवणाचा मूळ वासही गेला. म्हाताऱ्या मांजराचं नाक आधीच मंद झालेलं असतं, आणि नाकाला पटल्याशिवाय मांजर तोंड लावत नाही.

काकू: देवा. एवढे दिवस दुखत होतं तिला. आणि मी तिला नखरेल म्हणून ओरडले. परवा तर ताटलीच उचलून घेतली समोरून.

मास्तर: आणि मी समोर बसून खाल्लं तिचं. दुखऱ्या दाढेच्या मांजरीसमोर मिटक्या मारल्या. एवढा मोठा गाढव तुमच्या दवाखान्यात आजवर आला नसेल, डॉक्टर. आला असेल तर निदान त्याला बांधून तरी आणलं असेल.

डॉक्टर: आता ऐका. दाढ काढावी लागेल. त्यासाठी भूल द्यायची, आणि भुलीच्या आधी रक्त तपासायचं. सोळा वर्षांची आहे, मूत्रपिंडं थकलेली असू शकतात. ती बरी निघाली तरी या वयात भुलीला धोका असतोच.

मास्तर: किती धोका?

डॉक्टर: आधी तपासणी होऊ द्या.

मास्तर: नाही, तू मला सांग. मापात सांग, पोरी. सैल नको. बोट घालून मापं सांगायची आम्हा दोघांना सवय आहे, तू तरी घालू नकोस.

डॉक्टर: रक्त ठीक आलं तर ती उठेल असं मला वाटतं. खात्री देत नाही. दाढ तशीच ठेवली तर मात्र थोड्या दिवसांत ती पाण्याकडेही जाणार नाही. ते मी खात्रीने सांगते. आणि दाढ काढली तरी पूर्वीसारखी गुबगुबीत होईल अशी आशा ठेवू नका. बारीकच राहील. पण पोटभर खाईल.

मास्तर: अगं, तू सांग. मला काही सुचत नाही.

काकू: मी काय सांगू?

मास्तर: चिंध्यांच्या पोत्यातून तूच काढलीस हिला. मी म्हणत होतो उंदीर आहे.

काकू: काढा दाढ, डॉक्टर. दुखणं घेऊन बसून राहण्यापेक्षा काढा.

मास्तर: मीही हो म्हणतो. पण मला बाहेर बसवा. आत असलो तर तुमच्या हातातली सुई काढून घेईन मी.

डॉक्टर: बाहेर बसा. आणि तोपर्यंत या पिशवीतली फक्त ट्यूब ठेवा. पेस्ट थोडीशी, दोन जेवणांच्या मध्ये, तोंडात टाळूला लावा. पावडरी, थेंब, गोळ्या सगळं बंद. पुढे काही लागलं तर मी सांगेन, दुकानदार नाही. जेवण मऊ वाटून, कोमट करून द्या, म्हणजे वास उठेल. पसरट ताटलीत, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा.

मास्तर: आणि मी?

डॉक्टर: तुम्ही तुमच्या ताटात जेवा.

(काही आठवड्यांनी, रविवार. शिंप्याचं दुकान. कापायच्या टेबलावर गुंडी बसली आहे.)

काकू: चाटून पुसून ताटली स्वच्छ केली. आता तुमच्या डब्याकडे बघतेय.

मास्तर: बघू दे. मी डबा मशीनच्या खणात ठेवलाय, कुलूप लावून. सूड उगवतेय ती. काल मी पोळीचा घास तोंडात घालत होतो, तर समोर येऊन बसली आणि मिटक्या मारायला लागली. शपथ घेऊन सांगतो.

काकू: दाढ नाही म्हणून आवाज येतो तो.

मास्तर: तू काहीही म्हण, मला टोमणा समजतो.

काकू: विजार ढिली झालीये तुमची.

मास्तर: होणारच. मला आता काही उरतच नाही. अगं, धर जरा तिला. माप घेतो.

काकू: आधी बोटं दाखवा.

मास्तर: ही बघ.

काकू: दुसऱ्या हाताची.

मास्तर: मग टेप काय दातांनी धरू? ही घे, तीही बघ. आता सरक उजेडातून.

काकू: किती?

मास्तर: थांब.

काकू: किती हो?

मास्तर: पावणेदहा म्हणायला हरकत नाही.

काकू: आहेत का पावणेदहा?

मास्तर: नाही. साडेनऊच आहेत. रेघेच्या किंचित पुढे, पण ते केसही असतील.

काकू: असू दे. साडेनऊ तर साडेनऊ.

मास्तर: मला वाटलं पदर लावशील तोंडाला.

काकू: तिने ताटली चाटलेली बघितलीये मी. आता तुमचा टेप काय म्हणतो त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

मास्तर: जुनं जाकीट सगळं उसवलं मी. तुझे टाके काढता काढता नाकी नऊ आले. एवढ्या निगुतीने तू माझ्या सदऱ्याचं बटणही कधी लावलं नाहीस. ते कापड आता कामाचं नाही, चाळण झालीये त्याची. त्या निळ्या लोकरी कोटाचा तुकडा उरलाय, त्यातून नवं बेततो. साडेनऊचं.

काकू: बेता. पण साडेनऊचं नको.

मास्तर: म्हणजे?

काकू: वाढत्या अंगाचं शिवा.

मास्तर: अगं, सोळा वर्षांची आहे ती.

काकू: ते मला माहितीये.

मास्तर: डॉक्टर काय म्हणाल्या तेही माहितीये ना तुला? बारीकच राहील म्हणाल्या.

काकू: तेही माहितीये. तुम्ही शिवा हो.

मास्तर: बरं. खडू दे इकडे. शिवणीत दोन बोटं कापड ठेवतो.