व्यंकटेशचा गोल

मंडळी, नरसय्यामामा, आणि मालक,

मला भाषण येत न्हाय. मी मल्लप्पा, चादरीच्या ह्या कारखान्यात पंचिंग करतो, म्हणजे कागदावरच्या नक्षीची भोकं पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर पाडतो, त्या भोकांवरनं माग नक्षी विणतो. पण आत्तापर्यंत चौघं बोलले, अन् माझं डोकं तापलंय. आपला व्यंकटेश सव्विसाव्या वर्षी काविळीनं गेला. आज त्याला तुमी "थोर कलावंत" म्हणताय. व्हय? कधी झाला तो कलावंत? परवापर्यंत तर अंडेवाला होता की!

नव्या लोकांना म्हायती नसंल, म्हणून सांगतो. दुष्काळ सरला त्या साली हा मुंबईच्या कलाशाळेतनं डिप्लोमा घेऊन आला. मामांनी जन्मभर माग चालवून शिकवलेला एकुलता एक पोरगा. आल्या आल्या चादरीची नक्षी काढली, मधोमध मोठा गोल. कागदावर इतका देखणा, की मालकांनीबी मान डोलावली. मागावरनं चादर उतरली, तर गोलाचं अंडं! शाळेत सारख्या चौकटीच्या कागदावर काढायला शिकवलं. पण आपल्या मागावर उभे धागे दाट अन् आडवे विरळ, म्हणून नक्षी उभी ताणती, हे त्याला कोण सांगणार? सगळा कारखाना हसला. "काय बे अंडेवाले, कोंबडी कुटंय?"

आता खरं सांगतो. मामा, माफ करा. भोकं पाडतानाच मला ते दिसलं होतं. एक शब्द बोललो न्हाय. म्हटलं, बघू की शिकलेल्याची मजा. अन् त्या पोरानं दुसऱ्या दिवशी कुणाकडं यावं? माझ्याकडंच. "मल्लप्पाअण्णा, माझं कुटं चुकलं, दाखवा की." राग न्हाय, रुसवा न्हाय. सहा महिने मागाजवळ बसून धागे मोजले त्यानं. मग कागदावर पसरट, वेडावाकडा गोल काढला. म्हटलं, "हे काय बे?" तर म्हणाला, "अण्णा, कागदावर चांगलं दिसायचं शाळेत शिकलो. मागावर चांगलं उतरायचं हितं शिकलो."

ती चादर उतरली. गोल म्हणजे गोल, भाकरी थापल्यागत! मोहोळच्या बाजारात गेली, करमाळ्याला गेली, लग्नाच्या आहेरात गेली. अन् आमी? आमी अंडेवालाच म्हणत राहिलो. लाज वाटाय पायजे आमाला!

मालक, तुमच्या तोंडावर बोलतो. उद्या कामावर घेऊ नका पायजे तर. त्यानं तुमच्याकडं एकच मागितलं. "चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव विणतो, तितंच बारीक अक्षरात माझंबी विणू का?" तुमी काय म्हणालात? "आज तू, उद्या जॉबर म्हणंल माझं टाका." अहो, मग टाकायचं की जॉबरचं, माग नीट तोच ठेवतो! काय आभाळ कोसळणार होतं? तो कागद गुंडाळून निघून गेला. दवाखान्यातबी मला विचारायचा, "अण्णा, मालक काय बोलले का?" काय सांगायचं मी त्याला? सांगा ना, काय सांगायचं?

आज फोटोला हा एवढा हार. जित्यापणी चार अक्षरं जड झाली, अन् मेल्यावर झेंडूचं पोतं!

आता श्रद्धांजलीला उभं राहायचंय. जरा थांबा. मान खाली घालाल, तेव्हा पायाखाली काय अंथरलंय ते बघा. सभेसाठी गोदामातनं आणल्यात ह्या चादरी. तासभर तुमी त्याच्याच गोलावर बसलाय. कुणाला ती नक्षी वळखू आली? एकट्या नरसय्यामामांना आली. म्हणून ते मघापासून चादर सोडून नुसत्या फरशीवर बसलेत.

तवा आपणबी पाय बाजूला घेऊ. फरशीवर उभे राहा सगळे. मालक, तुमीबी. आधी माझ्यामागनं त्याचं नाव घ्या, मोठ्यानं, मामांना ऐकू जाईल असं. व्यंकटेश नरसय्या.

आता गप्प राहू.