नाताळची ड्यूटी

वेल्समधल्या स्वान्सी शहरातल्या बसमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर सरकारी इस्पितळातल्या दोन नर्सा बसल्या होत्या, मेअर आणि ग्लेनिस.

"ग्लेनिस, शुक्रवारी तू निवृत्त झालीस म्हणून मी रडरड रडले, आणि आज मंगळवारी तू परत वॉर्डात?"

"पेन्शन सुरू झालं गं. आता आठवड्यातून दोनच दिवस, हौसेनं."

"म्हणजे आमचा निरोपाचा केक फुकट गेला."

"केक छान होता. पण ऐक ना, मेट्रननं आज नाताळची ड्यूटी करशील का विचारलं. मी चक्क नाही म्हणाले."

"तू? अडतीस वर्षांत पहिल्यांदा?"

"हो ना. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून दोनदा म्हणाले."

"मग ती काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मीही उद्या नाही म्हणून बघते."

"तुझं पेन्शन कुठं सुरू झालंय अजून?"

"नाही म्हणायला पेन्शन लागतं का?"

"मला तरी लागलं."