पडदे धुण्याचा दिवस

मामा: उत्तर दिलं नाही असं नाही गं. लिहिलं. पाठवलं नाही, एवढंच.

भाची: म्हणजे धाकट्याच्या दृष्टीने दिलंच नाही. आई गेली आणि महिन्याभरात त्याचं पत्र आलं तुम्हाला. आता उन्हाळा संपत आला.

मामा: आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली. ती खोड जात नाही. लिहितो, मग दुरुस्त्या करतो, आणि शेवटी कागदावर काही राहतच नाही.

भाची: बघू हे. "तुझी आई त्यागमूर्ती होती. तिच्या धीरोदात्त जीवनाचा आदर्श..." मामा, ही कोण बाई?

मामा: वाईट झालंय का?

भाची: पुतळ्याखाली कोरायला छान आहे. त्याने विचारलंय काय आणि तुम्ही लिहिताय काय?

मामा: विचारलंय काय ते पाठ आहे मला. फौजेत जायला निघाला त्या सकाळी अक्का दारापर्यंतसुद्धा आली नाही. न्हाणीघरात पडदे धूत बसली. हा येतो म्हणाला, तर पाठमोरीच राहून तिने विचारलं, डबा घेतलास ना. त्याला वाटतं, त्याचं जाणं तिला पसंत नव्हतं. आता विचारायला ती नाही.

भाची: शेवटी तर येताही आलं नाही त्याला. बर्फाने रस्ते बंद. आता मला कळवलंय, पुढची सुट्टी तिकडेच कुठेतरी काढीन. घरी कुठल्या तोंडाने येऊ, म्हणतो. मी परोपरीने समजावलं. पण मी तेव्हा सासरी होते, माझं तो कशाला ऐकेल. घरात तुम्ही होता.

मामा: होतो ना. पडद्याचं दुसरं टोक धरायला. ते जाड कापड एकट्या माणसाला पिळता येत नाही.

भाची: ते पडदे. प्रत्येक बदलीला खिडक्या वेगळ्या, म्हणून खाली हातभर दुमड ठेवलेली. सामान उतरायच्या आधी आई दुमड उसवायला बसायची. स्वतःचं घर झालं, तरी ती जास्तीची दुमड कापली नाही.

मामा: असू दे, म्हणायची. काय सांगावं.

भाची: आणि दाराशी बाबांचे जुने बूट. बाबा सीमेवर, आणि ही दर रविवारी बुटांना पॉलिश करतेय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, घरात पुरुषमाणूस आहे.

मामा: धाकटा पोटात होता तेव्हा मी सोबतीला राहिलो होतो. तेव्हाही ते बूट तिथेच.

भाची: तुम्ही असताना?

मामा: म्हणाली, तुझ्या चपला बघून चोराला उलट धीर येईल.

भाची: आता बोलली आई. नाहीतर तुमच्या कागदावर ती बोलतच नाही. बरं, पडद्यांचं मला सांगा. बाबांच्या सुट्टीचा शेवटचा दिवस म्हणजे पडदे धुण्याचा दिवस, हे आम्हाला ठाऊकच होतं. आम्ही दोघं बाबांबरोबर स्टेशनवर जायचो. परत येऊन बघतो तर पडदे दोरीवर आणि आईचा चेहरा रोजच्यासारखा. राग यायचा मला. बाकीच्या बायका गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभ्या असायच्या.

मामा: एकदा गेली होती ती. तू कडेवर होतीस. गाडी सुटली, जरा पुढे गेली आणि थांबली. निरोप घेऊन झालेला, बोलायला काही उरलेलं नाही, आणि भाऊजी खिडकीत. तेव्हा तिला रडू आवरलं नाही. भाऊजींनी तिकडून कळवलं, डोळे मिटले की तुझा तोच चेहरा समोर येतो, झोप लागत नाही. त्यानंतर ती कुणाला सोडायला गेली नाही. जाणाऱ्याच्या सामानात आपलं ओझं कशाला, म्हणायची.

भाची: पण मग पडदेच का? भांडी घासायची.

मामा: पडदे काढले की खिडकी मोकळी होते.

भाची: म्हणजे?

मामा: रस्ता दिसतो. पार वळणापर्यंत. धाकटा जिना उतरला तशी ती उठली. ओल्या हातांनी गज धरून उभी राहिली. मी तिच्यामागे पडदा घेऊन, आणि खोलीभर पाणी. म्हटलं, अक्का, हाक मारू त्याला? तर म्हणाली, नको, मागे वळेल.

भाची: आणखी काही बोलली?

मामा: ट्रंकेच्या वजनाने तो एका अंगाला कलून चालत होता. ते बघत होती. मग म्हणाली, चालतो बापासारखाच मेला. तो दिसेनासा झाला, मग आम्ही पडदा पिळायला घेतला. तिने असा पीळ घातला की माझ्या हातातून टोक सुटलं.

भाची: स्टेशनवर जाताना आम्ही एकदाही मागे वळून वर बघितलं नाही हो, मामा.

मामा: बघू नये असंच तिला वाटायचं.

भाची: आणि एवढं तुम्ही कुणाला सांगितलं नाही?

मामा: मला वाटलं, हे काय, साधंच आहे. आईबद्दल मुलाला लिहायचं तर काहीतरी भारदस्त हवं.

भाची: हे घ्या पेन. आत्ता मला सांगितलंत तसंच लिहा.

मामा: "मेला" पण लिहू?

भाची: तो शब्द वाचल्यावरच त्याचा विश्वास बसेल. आणि पुन्हा वाचून बघायचं नाही. पाकीट मी चिकटवते.

(थोड्या वेळाने, रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी.)

भाची: मामा, हात अजून आतच आहे तुमचा.

मामा: पत्ता आठवून बघत होतो.

भाची: पत्ता त्यानेच पाठवलाय. तुम्ही घरी तपासलात, जिन्यात तपासलात.

मामा: एके ठिकाणी स्वल्पविराम राहिला गं.

भाची: त्याला चालेल.

मामा: येईल ना तो, हे वाचून?

भाची: माहीत नाही, मामा. सोडा आता.

मामा: सोडलं.