पणजोबांचे घर

गिरगावात ट्रामची वाट पाहत मी उभा असता, शेजारी एक वधूपिता व एक वरपिता जीर्ण मोडी कागदावर वाकले होते.

“श्यामकांतराव, मुलगी पसंत आहे ना? मग अडले कुठे?”

“तुमच्या पणजोबांपाशी, उत्तमराव. स्वच्छ लिहिले आहे, ‘घर बाटले’. बाटलेल्या घरची सून करू?”

“पुढची ओळ वाचा.”

“‘विहीर दोघां भावांत सामाईक ठेवली.’”

“बाटलेल्या भावाशी विहीर कोण हो सामाईक ठेवील? मोडीतला ‘व’ तुम्ही ‘ब’ वाचलात. घर वाटले!”

“चष्मा पुसू द्या... खरेच की! म्हणजे पणजोबा बाटले नाहीत?”

“नाहीत हो, भावाशी भांडले.”

“हुश्श! मग आमच्यासारखेच. मुहूर्त काढा, व्याहीबुवा!”