अर्ध्यावरचं बटन

आमच्या ह्यांचं मशीन कुठं पास झालं म्हणाल, तर टेंभुर्णीच्या जयंतीत. टेंभुर्णी माझं माहेर. ह्यांनी स्वतः जोडलेलं लाउडस्पीकरचं मशीन तिथं पहिल्यांदाच लावल्तं. माझा जीव खालीवर, माहेरात जावयाचं हसं होतं की काय!

गाणं सुरू झालं अन् माझे किसनमामा मशीनपाशी आले. "जावईबापू, ढोलकी छातीत बसंना. बटन अर्ध्यावरच कामून?"

"पुरं फिरवलं की ढोलकी दणकते मामा, पण गाण्याचा आवाज फाटतो. अर्ध्यावर साफ राहावा म्हणून तर मोठं मशीन केलं."

"एवढा मोठा बैल अन् ओझं शेळीचं!" म्हणत मामांनीच बटन पुरं फिरवलं. पोरं नाचायला लागली, पण गाण्यातला एक शब्द कळंना. माझं लेकरू दचकून रडायला लागलं. मामांच्या मानापायी ह्यांनी बटनाला हात लावला नाही.

मंग मीच लेकरू काखेत घेऊन उठले अन् सगळ्यांदेखत बटन मागं आणलं.

मागून एक म्हातारी ओरडली, "हां, आता कळालं काय म्हणून राह्यला ते!"

मामा ह्यांना म्हणाले, "मशीन तुमचं का आमच्या पोरीचं?"

हे म्हणाले, "जोडलं मी, मामा. बटन कुठं थांबवायचं, ते घरी तिच्याच कानानं ठरलंय."