मेलेल्या साहेबाचा जुळा भाऊ

माह्या इंग्रजीले हसू नका लेकहो, त्या इंग्रजीनंच एकदा मोताळ्यात टुरिंग टॉकीजचा तंबू वाचवला!

पिक्चर इंग्रजी होता. मलायातल्या रबराच्या मळ्यात मडम एका साहेबाले गोळ्या घालते, मंग कोर्टकचेरी. लोकायले समजावून सांग म्हणून मालकानं मले, म्हणजे शाळामास्तराले, माईकवर बसवलं. मडमेनं साहेबाले मारलं, लोकायनं त्याले पुरलं, अन् ऑपरेटरनं चुकून आधीचं रीळ लावलं. मेलेला साहेब सिगारेट फुकत हजर!

पब्लिक खवळलं. "काऊन बे, मेलेला कसा आला? फसवून राह्यले काय आमाले?"

मालक माह्या कानात म्हणे, "मास्तर, वाचवा! तंबू फाडतीन हे."

म्या माईकमधी ठोकून देलं, "बसा खाली! हा त्याचा जुळा भाऊ हाय. बदला घ्याले आला!"

अशा शिट्ट्या वाजल्या का काही इचारू नका.

दुसऱ्या दिवशी रिळं बरोबर लागली. साहेब मेला, तो मेलाच. पब्लिक पुन्हा उठलं, "जुळा भाऊ कुठी हाय बे?"

मालक ऑपरेटरवर वरडला, "कालच्यासारखीच चूक कर बे, लवकर!"