हद्दीवरचं घर

अरे ऐका ना, काल डकोटाच्या जमीन कचेरीत रांगेत माझ्यापुढे सिग्ने आणि गुनार. दोघांच्या जमिनी शेजारी शेजारी, आणि मधल्या हद्दीवर दोघांचं मिळून एकच घर, अर्धं तिच्यात, अर्धं त्याच्यात. सरकार जमीन फुकट देतं, पण पाच वर्षं ज्यानं त्यानं आपल्याच तुकड्यावर राहायचं, आणि बाई असेल तर बिनलग्नाची हवी.

"सिग्ने, पाद्री समोरच बसलाय. करून टाकू लग्न."

"आधी कागद. कारकून विचारणार, लग्न झालंय का. हो म्हटलं की माझी एकशे साठ एकर गेली."

"माझी आहे की. महिन्यापूर्वीच नावावर झाली."

"तुझ्या जमिनीत मी काय करू, तुझ्या कोंबड्या हाकू?"

"पाच वर्षं लोक नावं ठेवतायत."

"ठेवू देत. तुझी खाट तुझ्या जमिनीत, माझी माझ्या. शपथेवर सांगते."

तिला आत बोलावलं. कागदावर फुंकर घालत बाहेर आली.

"आता चल पाद्रीकडे," गुनार म्हणाला.

"चल. पण तुझ्या अर्ध्यात मी गाय बांधणार."

"तिकडे थंडीनं मरेल ती."

"पाच वर्षं तू तिकडे झोपला असतास तर तूही मेला असतास."

"हळू बोल बाई, शाई ओली आहे अजून."